मॉनिटरवरचा धोका ओळखताना: हृदयाच्या रिदमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, इंटर्न आणि अँब्युलन्सवर काम करणारी मुलं गेली कित्येक वर्षं मला जे प्रश्न विचारत आली, ते इथे एकत्र केले आहेत. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच असतो. पण पहिल्या अर्ध्या मिनिटात मॉनिटरसमोर बहुतेक वेळा सिस्टर एकटी उभी असते. हे सगळं त्या अर्ध्या मिनिटासाठी लिहिलं आहे. औषधांचे आकडे प्रौढ पेशंटचे आहेत.

रिदमचं नाव पटकन आठवतच नाही. मग काय करायचं?

नाव राहू द्या. नवीन मुलींची सगळी धडपड नाव सांगण्यासाठी चाललेली असते. त्या नादात नजर पडद्यावर खिळते आणि पेशंटकडे पाठ होते. अलार्म वाजला की पडदा बघा आणि लगेच मान वळवा. डोळे उघडे आहेत का, हाक मारल्यावर ओ देतो का, अंगाला गार घाम सुटलाय का, मानेतली नाडी लागते का? नाडी शोधण्यात १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

मग पट्टीला, म्हणजे ईसीजीच्या कागदावरच्या आलेखाला, तीन गोष्टी विचारा. वेग किती? क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचं टोक, रुंद की अरुंद? ठोके नियमित की विस्कटलेले? ‘सर, बेड नंबर ७, नाडी लागतेय, बीपी ८० वर आलंय, छातीत दुखतंय म्हणतात, रेट १८०, रुंद आणि नियमित.’ फोनवर एवढं सांगितलंत तर नाव न घेता सगळं सांगून झालं. डॉक्टर पायऱ्या उतरत असतानाच पुढचा विचार सुरू करू शकतात. ‘सर, व्हीटी आहे की एसव्हीटी ते कळत नाही, तुम्ही लवकर या’ या वाक्यातून त्यांना काहीच कळत नाही. (व्हीटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारा जलद रिदम, एसव्हीटी म्हणजे त्याच्या वरून उठणारा.)

बीपी घसरणं, शुद्ध हरपत जाणं, छातीत दुखणं, फुप्फुसात पाणी भरून दम लागणं: वेगवान रिदमसोबत यातलं काहीही दिसलं तर पेशंट अस्थिर आहे असं धरायचं. मग औषधांचा काथ्याकूट मागे पडतो आणि शॉकची तयारी पुढे येते.

चौकोन मोजायची सोपी पद्धत कोणती?

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणून छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच छोट्यांचा मोठा चौकोन ०.२० सेकंदाचा. एका आरपासून (क्यूआरएसच्या उंच टोकापासून) पुढच्या आरपर्यंत किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. एक चौकोन असेल तर ३००, दोन असतील तर १५०, मग १००, ७५, ६०, ५०. हा पाढा तोंडपाठच हवा. ठोके अनियमित असतील तर ३० मोठ्या चौकोनांतले, म्हणजे ६ सेकंदांतले क्यूआरएस मोजून १० ने गुणा.

क्यूआरएस तीन छोट्या चौकोनांच्या आत असेल तर अरुंद. तीन किंवा जास्त असेल तर रुंद. पीआरचं अंतर, म्हणजे पी वेव्हच्या (वरच्या कप्प्यांच्या लहान लाटेच्या) सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं, तीन ते पाच छोटे चौकोन.

मशीनने छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. टी वेव्ह, म्हणजे क्यूआरएसनंतरची लाट, उंच असली की मशीन तिलाही ठोका समजतं आणि रेट दुप्पट दाखवतं. कागदाच्या कडेला छापलेला वेगही बघा. कुणी तो ५० वर ठेवला असेल तर प्रत्येक क्यूआरएस दुप्पट रुंद भासतो आणि रेट निम्मा.

रुंद आणि जलद रिदम दिसला. व्हीटी की एसव्हीटी, कसं ठरवायचं?

व्हीटी धरून चालायचं. याबाबतीत माझं मत ठाम आहे. रुंद, नियमित, १२० च्या वरचा रिदम, त्यात पेशंट वयस्कर किंवा आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल, तर तो व्हीटी असण्याचीच शक्यता फार मोठी असते. एसव्हीटीला व्हीटी समजून वागलात तर सहसा नुकसान होत नाही. उलट झालं आणि व्हीटीला एसव्हीटी समजून कुणी एसव्हीटीवरचं व्हेरापॅमिल टोचलं, तर बीपी कोसळून पेशंट हातचा जाऊ शकतो.

खुणा शोधायला वेळ असेल तर बघा. पी वेव्ह आपल्या चालीने आणि क्यूआरएस आपल्या चालीने, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. रुंद ठोक्यांच्या रांगेत मध्येच एखादा नेहमीसारखा अरुंद ठोका डोकावतो. या दोन्ही खुणा व्हीटीच्या. पण त्या दिसल्या नाहीत म्हणून व्हीटी नाही, असं म्हणता येत नाही.

‘पेशंट तर बोलतोय, मग व्हीटी कशी?’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. व्हीटीत माणूस बोलू शकतो, चहा मागू शकतो. तो बोलतोय तोवर पूर्ण १२ लीडचा, म्हणजे हृदयाकडे १२ बाजूंनी बघणारा, ईसीजी काढून घ्या, शॉकचे पॅड लावून ठेवा, आयव्ही चालू आहे ना ते तपासा. पुढच्या मिनिटाला तो बोलत असेलच याची खात्री नसते.

एक अपवाद लक्षात असू द्या. हार्ट अटॅकच्या पेशंटला स्ट्रेप्टोकायनेजसारखं गुठळी विरघळवणारं औषध दिल्यावर कधी कधी रुंद पण संथ, साधारण ६० ते १०० च्या वेगाचा रिदम येतो आणि आपोआप जातो. बीपी चांगलं असेल तर डॉक्टर त्याला सहसा हात लावत नाहीत.

व्हीएफ कसा दिसतो आणि पहिलं काम कोणतं?

लहान मुलाने पेन्सिल घेऊन रेघोट्या ओढाव्यात तसा. क्यूआरएस नाही, पी नाही, एक लाट दुसरीसारखी नाही. हृदय नुसतं थरथरत असतं, रक्त पुढे ढकलत नाही. पेशंट काही सेकंदांत बेशुद्ध होतो. तो आचके देत असेल तर त्याला श्वास समजू नका.

मदतीसाठी ओरडा, छाती दाबायला सुरुवात करा आणि डिफिब्रिलेटर आला की लगेच शॉक द्या. सीपीआर नसेल तर शॉकला उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. बायफेजिक मशीनवर कंपनीने सांगितल्याप्रमाणे १२० ते २०० ज्यूल, जुन्या मोनोफेजिकवर ३६०. शॉक दिला की पडद्याकडे बघत थांबायचं नाही. लगेच पुन्हा दोन मिनिटं सीपीआर, मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान ५ सेंटिमीटर खोल. मगच रिदम बघायचा. ॲड्रिनॅलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी. तीन शॉक देऊनही व्हीएफ तसाच राहिला तर अमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम. नाडी नसलेल्या व्हीटीलाही हेच सगळं लागू.

पडद्यावर व्हीएफ, पण आजी माझ्याशी बोलतायत!

मग तो व्हीएफ नाही. व्हीएफमध्ये माणूस बोलत नाही, यात कधीच फरक पडत नाही. आजी दात घासत असतील, थंडीने कुडकुडत असतील, पार्किन्सनमुळे हात थरथरत असेल किंवा इलेक्ट्रोड घामाने सुटला असेल. पल्स ऑक्सिमीटरची लाट बघा. ती एका लयीत चालली असेल तर हृदयही लयीतच चाललं आहे. वरच्या गोंधळात निरखून बघितलं तर ठरावीक अंतराने क्यूआरएसची टोकं वर आलेली दिसतात.

वायरींचे रंगही तपासा. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. उजव्या खांद्यापासून लाल, पिवळा, हिरवा असा सिग्नलच्या रंगांचा क्रम धरला की चुकत नाही. हातांच्या वायरींची अदलाबदल झाली तर लीड एक उलटी येते आणि नसलेला आजार दिसायला लागतो.

सरळ रेष आली म्हणजे सगळं संपलं का?

आधी मानेतली नाडी बघा. नाडी नसेल तर सीपीआर सुरू करा आणि तो चालू असतानाच दुसरीने तीन गोष्टी बघायच्या: वायर सुटली आहे का, मॉनिटरचा गेन (लाटेची उंची ठरवणारं बटण) कमी आहे का, दुसऱ्या लीडमध्येही रेष सरळच आहे का. बारीक व्हीएफ एखाद्या लीडमध्ये जवळजवळ सरळ दिसू शकतो. एक खूण अशी की अगदी पट्टीने आखल्यासारखी रेष असेल तर बहुधा वायर सुटलेली असते. खरी असिस्टोलची, म्हणजे हृदयाची वीजच थांबल्याची, रेष थोडी हेलकावे खाते.

असिस्टोलला शॉक देत नाहीत. सीपीआर, ॲड्रिनॅलिन आणि कारणाचा शोध, एवढंच.

मॉनिटरवर ठोके छान दिसतायत, पण नाडी लागत नाही. हे कसं?

मॉनिटर फक्त वीज दाखवतो. वीज चालू आहे आणि पंप बंद आहे, अशी ही अवस्था. तिला पीईए म्हणतात. रेट ७० चा, क्यूआरएस अरुंद, आणि माणूस मात्र गेल्यातच जमा. म्हणूनच आधी नाडी बघायची. इथेही शॉकचा उपयोग नाही. सीपीआर करता करता कारण शोधायचं: रक्त खूप गेलंय का, ऑक्सिजन कमी पडतोय का, पोटॅशियम वाढलंय का, छातीत हवा किंवा हृदयाभोवती पाणी साचलंय का, फुप्फुसात गुठळी अडकली आहे का, विष पोटात गेलंय का. कारण सापडलं तर पेशंट परत येतो. मी आलेले बघितले आहेत.

‘टोर्साद’ वेगळा का शिकवतात?

कारण तो व्हीटीचाच एक प्रकार असला तरी त्याचं औषध वेगळं आहे आणि नेहमीचं औषध घात करू शकतं. फ्रेंच डॉक्टर देसर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याला ‘टोर्साद द प्वांत’ हे नाव दिलं. अर्थ असा की टोकं पीळ घेत फिरतात. पट्टीवर रिबीन पिळल्यासारखी दिसते: क्यूआरएस मोठे होत जातात, लहान होत जातात, वरची टोकं खाली वळतात आणि पुन्हा वर येतात.

तो येतो लांबलेल्या क्यूटीमधून, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी वेव्हच्या शेवटापर्यंतच्या अंतरातून. क्यूटीसी (रेटनुसार सुधारलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की सावध व्हा. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरलेला पेशंट, त्याला हॅलोपेरिडॉल, अझिथ्रोमायसिन, ऑनडान्सेट्रॉन यांपैकी दोन औषधं एकदम चालू: आपल्या वॉर्डात हे चित्र काही दुर्मीळ नाही. केस पेपरवर अशी दोन औषधं दिसली तर राउंडला विचारायला कचरू नका. ते तुमचंही काम आहे.

उपाय मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून, मॅग्नेशियमचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी. अमिओडॅरोन टाळायचं, कारण तेही क्यूटी लांबवतं. पेशंट कोसळला तर सिंक न करता शॉक (सिंकबद्दल पुढे सांगितलं आहे).

अरुंद, नियमित, १८० चा रेट. घाबरायचं का?

बीपी ठीक असेल तर घाबरू नका. पेशंट बहुधा तरुण असतो, ‘छातीत एकदम धडधड सुरू झाली’ असं सांगतो आणि कधी सुरू झाली ती वेळही नेमकी सांगतो. ताप, रक्तस्राव किंवा भीतीने वाढलेला साधा सायनस रेट हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. एसव्हीटी दिव्याचं बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच बंद होते.

१० सिसीच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोराने फुंकायला लावायचं, मग लगेच आडवं करून पाय ४५ अंशांत उचलून धरायचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के पेशंटचा रिदम जागेवर आला, नुसत्या फुंकण्याने १७ टक्क्यांचा. फुकटचा उपाय आहे, तरी फार कमी ठिकाणी करून बघतात. जमलं नाही तर ॲडिनोसिन ६ मिलिग्रॅम, नंतर १२. ते हातावरच्या बारीक शिरेतून हळू दिलं तर हृदयापर्यंत पोचण्याआधीच संपतं. कोपराजवळची मोठी शीर घ्या, झटक्यात द्या आणि पाठोपाठ २० मिलि सलाईन ढकला. ‘दोन-चार सेकंद जीव घाबरल्यासारखा होईल, लगेच जाईल’ हे पेशंटला आधी सांगा.

रेट अगदी १५० वर अडकून बसला असेल तर फ्लटर आठवा. वरचे कप्पे ३०० ने धावत असतात आणि दोनातला एकच ठोका खाली उतरतो.

अनियमित आणि जलद म्हणजे एएफच ना?

अरुंद असेल तर बहुधा हो. एएफमध्ये वरचे कप्पे विस्कळीत थरथरत असतात. पण अनियमित, रुंद आणि २०० च्या वर असेल, त्यातही प्रत्येक क्यूआरएसची रुंदी वेगळी असेल, तर हात आखडता घ्या. डब्ल्यूपीडब्ल्यू असलेल्या, म्हणजे हृदयात जन्मतः एक जादा वायर असलेल्या माणसाला एएफ झाला की असा रिदम येतो. त्याला ॲडिनोसिन, व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन दिलं तर नेहमीचा रस्ता बंद होऊन सगळी वाहतूक जादा वायरवरून धावते आणि व्हीएफ होऊ शकतो.

संथ रिदममध्ये कोणता ब्लॉक धोक्याचा?

ब्लॉक म्हणजे वरच्या कप्प्यांची वीज खाली पोचताना अडणं. ज्यात पीआर एकसारखा राहतो आणि अचानक एक क्यूआरएस गळतो, तो मोबिट्झ दोन. आणि ज्यात पी आणि क्यूआरएसची पूर्ण फारकत झालेली असते, तो कम्प्लीट ब्लॉक. पीआर हळूहळू लांबत जाऊन एक ठोका गळत असेल तर तो वेंकेबाख, तुलनेने सौम्य. वेंकेबाख यांनी तो १८९९ मध्ये, ईसीजी यंत्र यायच्या आधी, नाडीच्या आलेखावरून ओळखला होता. मला ही गोष्ट सांगायला फार आवडते. बोटांखाली तो आजही कळतो.

ॲट्रोपिन १ मिलिग्रॅम, गरज पडल्यास एकूण ३ पर्यंत. पण रुंद क्यूआरएसच्या कम्प्लीट ब्लॉकमध्ये ते बहुधा चालत नाही. त्याची वाट बघत बसू नका, पेसिंगचे, म्हणजे बाहेरून विजेने ठोके देणारे, पॅड लावून ठेवा. पेसिंग सुरू झाल्यावर नाडी मांडीतली बघा, मानेतली नको. मानेचे स्नायू विजेने उडतात आणि ती नाडी वाटते.

डायलिसिसच्या पेशंटचा रिदम विचित्र दिसला तर?

पोटॅशियम वाढलंय असं धरा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत.

एक रात्र सांगते. मधल्या सणामुळे डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकलेले एक काका पहाटे तीनला आले. पायात ताकद नाही, म्हणून घरच्यांना लकवा वाटला. मॉनिटर लावला: रेट ४८, पी वेव्ह कुठेच नाही, क्यूआरएस इतका रुंद की त्याची उतरण थेट टी वेव्हमध्ये मिसळलेली. शेवटी शेवटी नागमोडी, एकसारखी लाट उरते, तिच्या अगदी उंबरठ्यावर. लॅबचा रिपोर्ट यायला पाऊण तास लागणार होता. डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि थांबले नाहीत. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट मॉनिटरकडे बघत हळूहळू दिलं. पट्टी चालूच ठेवली होती. त्याच लांब कागदावर क्यूआरएस आकसत गेलेला दिसतो, आणि हातभर अंतरावर पहिली पी वेव्ह उगवलेली.

कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही. ते हृदयाला अर्धा-एक तास सांभाळतं. तेवढ्यात इन्शुलिन-ग्लुकोज, नेब्युलायझर आणि डायलिसिसची सोय करायची असते. सुरुवातीच्या पायरीला टी वेव्ह तंबूसारखी उंच, टोकदार आणि अरुंद बुडाची दिसते. पण काही पेशंट ही पायरी न दाखवता थेट खाली घसरतात. म्हणून रुंद आणि न शोभेल इतका संथ रिदम दिसला की किडनीबद्दल विचारा.

आपल्याकडे खास कोणत्या गोष्टी विचारायच्या?

पोटात काय गेलं ते. तरुण, आधी काही आजार नसलेला माणूस, उलट्या होतायत आणि रेट ४० वर ब्लॉकसकट: पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बियांबद्दल विचारा. त्यातलं विष डिगॉक्सिनच्या जातकुळीतलं. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवायचं नाही, रिदम नंतरही बिघडतो. घरचे लोक पोलिसांच्या भीतीने आणि लाजेने सांगत नाहीत. आईला किंवा बायकोला बाजूला घेऊन, आवाज खाली ठेवून विचारलं तर सांगतात.

फवारणीच्या औषधाची विषबाधा दुसरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकरी-मजुरांचे बळी गेले, ते आपण विसरू नये. सगळ्या औषधांचं विष एकसारखं नसतं. पण ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, रेट संथ आणि क्यूटी लांब. त्यातून टोर्साद होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे धोक्याचे तास सरल्यावरही मॉनिटर काढू नका.

तिसरा लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या अशा रुग्णांवर आयुष्यभर काम केलं आणि प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला. पेशंट घामाने भिजलेला, हातपाय गार, उलट्या, आणि पट्टीवर जलद रेटमध्ये मधूनमधून रुंद ठोके. लहान मूल असेल तर जास्तच जपा.

सिंकचं बटण कधी दाबायचं?

नाडी असताना. सिंक केलं की शॉकचं मशीन आर ओळखून त्याच क्षणी शॉक देतं, टी वेव्हवर शॉक पडत नाही. प्रत्येक आरवर खूण उमटली आहे ना ते बघा आणि बटण सोडू नका, शॉक सुटायला क्षणभर लागतो. व्हीएफमध्ये सिंक चालू राहिलं तर मशीनला आर सापडत नाही आणि शॉक सुटतच नाही. बरीच मशीन एका शॉकनंतर सिंक आपोआप बंद करतात. दुसऱ्या शॉकआधी पुन्हा दाबावं लागतं.

नातेवाईक मॉनिटरकडे टक लावून बसतात. त्यांना काय सांगायचं?

खरं सांगायचं, सोप्या शब्दांत. एक प्रसंग मात्र आधीपासून मनात ठेवा. पेसमेकर असलेला पेशंट गेल्यानंतरही पडद्यावर खुंट्यांसारख्या उभ्या रेषा येत राहतात, कारण बॅटरी चालूच असते. मुलगा म्हणतो, ‘सिस्टर, बाबांचे ठोके अजून दिसतायत.’ त्याला ते समजावण्याआधी पडदा बंद करा, शेजारी बसा आणि मग सांगा.

रुग्णालयाबाहेर असं काही झालं तर?

१०८ ला फोन, छाती दाबायला लगेच सुरुवात, आणि जवळच्या मॉलमध्ये, स्टेशनवर किंवा विमानतळावर एईडी (कुणालाही वापरता येणारं शॉकचं मशीन) असेल तर ते आणायला कुणाला तरी पळत पाठवा. ते मशीन रिदम स्वतःच वाचतं.

सराव कसा करू?

रोज ड्युटी संपताना एक पट्टी घरी न्या, पेशंटचं नाव फाडून. मागे वेळ, बीपी, नाडी लागत होती की नाही आणि नंतर काय झालं ते लिहा. ईसीजीचा कागद थर्मल असतो, वर्षभरात फिका पडतो आणि चिकटपट्टीखाली तर लवकर काळवंडतो, म्हणून आधी झेरॉक्स काढून मग वहीत चिकटवा. माझ्या वहीत काकांची ती लांब पट्टी तीन घड्या घालून ठेवली आहे. नवी मुलगी आली की ती जमिनीवर उलगडते आणि पहिली पी वेव्ह कुठे उगवते ते तिलाच शोधायला लावते.